सोबतीचं कार्ड

सुमित्रा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. परीक्षित म्हणतो, "आई बरी आहे, मावशी, पण कुणाशी बोलायचं नाही म्हणते." नको बोलूस. वाचशील मात्र नक्की. जन्मभर मुलींच्या वह्या तपासलेली बाई हाती आलेला कागद न वाचता खाली ठेवणार नाही.

यातलं पुष्कळसं तुला ठाऊक आहे. तरी सगळं क्रमानं सांगणार आहे. तू ते आतून पाहिलंस, मी शेजारच्या खुर्चीवरून. तिथून वेगळं दिसत होतं.

आपली ओळख इथली, अमेरिकेतली, रेडमंडच्या इंडियन ग्रोसरीतली. २००४ चा नोव्हेंबर, बाहेर आमचा नेहमीचा चिकट पाऊस. तू कोथिंबिरीची एकेक जुडी नाकाशी नेऊन परत ठेवत होतीस आणि मागे मी खोळंबले होते. मला खोळंबायची सवय नाही.

"अहो बाई, सगळ्या एकाच ट्रकातून आल्यात. घ्या कुठलीही."

तू मागे न बघताच म्हणालीस, "ट्रक एक असेल जी, शेत एक नसते."

मी हसले. मग लक्षात आलं की तू जुडीकडे कमी आणि दाराकडे जास्त बघते आहेस. दाराशी तांदळाच्या पोत्यांवर एक उंच गृहस्थ बसले होते. दाढी गुळगुळीत, भांग सरळ, कोटाची बटणं वरपर्यंत लावलेली. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते मान लववून नमस्कार करत होते.

"आमचे हे," तू म्हणालीस. "पाटबंधारे खात्यात होते. नागपूरला."

चारुदत्त पांढरीपांडे. मुलानं हौसेनं ग्रीन कार्ड करून तुम्हा दोघांना आणलं, आणि वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा परत आला, बोलणं तुकड्यातुकड्यांनी परत आलं. हे तू मला बिलं होईपर्यंतच्या वेळात सांगितलंस. जे सांगितलं नाहीस ते मला पुढच्या दोन महिन्यांत दिसलं. सकाळी ते बरे असायचे. दुपार उतरली की त्यांच्या डोक्यात धुकं चढायचं. कुठे आहोत, कुठे निघालोय, सगळं सुटायचं. तू दिसलीस की शांत व्हायचे. नाही दिसलीस तर उठून तुला शोधायला चालू लागायचे, मिळेल त्या दिशेनं.

बेलव्ह्यूला स्ट्रोक झालेल्या माणसांसाठी एक केंद्र आहे. तिथे बोलायचा सराव घेत, हात-पाय हलवून घेत. तिथे गेले की ते दोन-चार शब्द जास्त बोलत, म्हणून तुझा जीव त्या केंद्रात. परीक्षित आणि रेणू, मुलगा-सून दोघं नोकरीवर. बसनं जायचं तर मध्ये एकदा बदलायची. मग मीच माझ्या गाडीतून न्यायला लागले. तू मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याकडून दुकानांच्या पाट्या वाचून घ्यायचीस. चुकले की तुझा शाळेतला सूर निघायचा: "अहं, परत." मी आरशातून बघून म्हणायचे, "अगं, नवरा आहे, चौथीची मुलगी नाही."

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने गाडी नाही. केंद्रातल्या सोशल वर्करनं तोड सुचवली. अपंगांना घराच्या दारापासून केंद्राच्या दारापर्यंत नेणारी व्हॅन होती. अर्ज करायचा, तपासणी होते, मग फोटोचं कार्ड मिळतं. त्या कार्डावर सोबतीची खूण असली तर बरोबरच्या माणसाची जागा पक्की. खूण नसली तर जागा उरली तरच सोबत, नाहीतर माणूस एकटा जाणार. तुला दुसरं काही नको होतं, ती खूण हवी होती.

मी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं: "सुमित्रा, आहेत तसे ने त्यांना. दुपारची वेळ माग. दमलेले असू देत."

"दमलेले? काय बोलून राहिले तुम्ही, मालिनीताई! साहेब लोकांसमोर माणूस दमलेला न्यायचा?"

इथेच सगळं ठरलं होतं. तुझ्या शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा काय व्हायचं, ते तूच मला रंगवून सांगितलं होतंस. आठवडाभर आधी भिंती पुसायच्या, हुशार मुली पहिल्या बाकावर, रडक्या मुलींना त्या दिवशी सुट्टी. कुठल्या प्रश्नाला कोण हात वर करणार तेही ठरलेलं. साहेब खूश होऊन जायचे आणि शाळेचं अनुदान चालू राहायचं. सरकारपुढे उभं राहायची तुला ती एकच रीत माहीत होती. चांगलं दाखवायचं, मग चांगलं पदरात पडतं. आपल्या सगळ्यांनाच तेवढीच माहीत असते, तुझ्या एकटीचं नाही. माझा नवरा डॉक्टर होता. आपले लोक तपासून घ्यायला आले की आधी "फाइन, फाइन" म्हणतात आणि उठून जाताना दारात सांगतात की छातीत दुखतंय, असं तो म्हणायचा.

तू कामाला लागलीस. पत्ता, फोन नंबर, आजची तारीख, मुलाचं नाव, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग. पांढरीपांडेचं स्पेलिंग मला आजही धड येत नाही. तू ते त्यांच्याकडून चालीवर पाठ करून घेतलंस. हॉलमध्ये सोफ्यापासून दारापर्यंत चालण्याची तालीम. माझी कुबडी घेऊन मी कोपऱ्यात बसलेली असायचे. ते चुकले की केविलवाणं माझ्याकडे बघायचे, आणि तू म्हणायचीस, "तिकडे नका पाहू, तिकडे उत्तर नाही."

रेणू एकदा ऑफिसमधून आली, बघून म्हणाली, "आई, धिस इज नॉट अ‍ॅन इंटरव्ह्यू. त्यांना काय जमत नाही तेच बघायचंय तिकडे."

तू म्हणालीस, "हो बेटा," आणि पुन्हा सोफ्यापासून सुरू केलंस.

तपासणीच्या दिवशी तू सकाळची वेळ घेतली होतीस. त्यांना टाय बांधलास. काठी घरी ठेवलीस. मराठी दुभाषी हवी का, असं त्यांनी आधी विचारलं होतं. तू कळवलंस, "नो नीड. वुई आर ग्रॅज्युएट्स."

आणि काय उत्तरं दिली त्यांनी, सुमित्रा! मी ऐकत होते. पत्ता घडाघडा. स्पेलिंग घडाघडा, त्या बाईंनी पेन थांबवून कौतुकानं पाहिलं. उतारावरून चालून दाखवलं. रस्ता ओलांडायचा हिरवा दिवा ओळखला. तुला विचारलं, "घरी कशात मदत लागते?" तू म्हणालीस, "ही इज मॅनेजिंग. ओन्ली लिट्ल." बाईंनी शेवटी त्यांच्याशी हात मिळवला. त्यांनी डावा हात पुढे केला आणि म्हणाले, "थँक यू, मॅडम." हे तू शिकवलेलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं. तुझे डोळे भरून आले.

पत्र आलं त्या दिवशी तू पुडाच्या वड्या करून माझ्याकडे आलीस. कोथिंबिरीनं गच्च भरलेल्या, अजून गरम. "पास झाले! वाचा, इंडिपेंडंट लिहिलंय. इंडिपेंडंट! डॉक्टर तर म्हणत होते, काही होणार नाही."

मी वाचलं. वडी हातातच राहिली.

"सुमित्रा, व्हॅन मंजूर झाली आहे. सोबत नामंजूर."

"म्हणजे?"

"म्हणजे ते एकटे जाऊ शकतात, असं लिहिलंय."

"पण ते कुठे एकटे जाऊ शकतात?"

"ते मला माहीत आहे. तू त्यांना ते दिसू दिलं नाहीस."

तू खाली बसलीस. खुर्ची होती, पण जमिनीवर बसलीस. म्हणालीस, "मी यांना नापास व्हायला शिकवू? हे मला येत नाही, ताई."

पहिले काही दिवस व्हॅनमध्ये जागा उरायची, तू जात राहिलीस. मग एका मंगळवारी दुपारी व्हॅन भरून आली. ड्रायव्हर भला माणूस होता, त्यानं दोनदा माफी मागितली. पण नियम नियम. तू म्हणालीस, आज नको. चारुदत्तरावांनी ऐकलं नाही. केंद्रात जायचा दिवस म्हटला की ते दाराशी उभे राहायचे, आणि आता त्यांना थांबवणं तुझ्या ताकदीचं नव्हतं. ते चढले, खिडकीतून तुला नमस्कार केला, तसाच जसा ते सगळ्यांना करायचे.

ड्रायव्हरनं त्यांना केंद्राच्या दारात नेऊन सोडलं. दार उघडं होतं. ते आत गेले नाहीत. मागे वळून तुला शोधलं, तू नव्हतीस, म्हणून चालू लागले.

तुझा फोन आला तेव्हा मला तू काय म्हणतेस ते कळत नव्हतं. फक्त "हे, हे" ऐकू येत होतं. परीक्षित ऑफिसमधून निघाला, पोलिसांना कळवलं, मी शेजारणीला गाडी काढायला लावली. तू पुढच्या सीटवर काच खाली करून पावसात तोंड बाहेर काढून बसलीस आणि "अहो! अहो!" अशा हाका मारत राहिलीस. नवऱ्याचं नाव तू आयुष्यात घेतलं नव्हतंस. मी मागून ओरडले, "अगं, नाव घे! 'अहो'ला कोण ओ देणार इथे?" मग तू नाव घेतलंस. नुसतं 'चारुदत्त', राव नाही की काही नाही. त्या रस्त्यावर, गाड्यांच्या आवाजात, रडत, ओरडत.

टायरच्या एका दुकानाच्या छपराखाली सापडले. एका पायात बूट नव्हता. दुकानातल्या माणसानं त्यांच्या खांद्यावर आपलं जाकीट टाकलं होतं आणि ते त्याला परत परत पत्ता सांगत होते. घडाघडा, स्पेलिंगसकट. पण गावाचं नाव सांगत होते नागपूर.

त्यानंतर अपील. परीक्षित म्हणाला, "आई, प्लीज. जस्ट टेल देम द ट्रूथ." तू त्याच्याशी भांडलीस. म्हणालीस, यांच्यासमोर यांच्याबद्दल मी ते बोलू? बायको आहे मी त्यांची. मी म्हटलं, बायको आहेस म्हणूनच. नाहीतर त्यांना कुलूप लावून घरात ठेव, किंवा एकटे सोड. तिसरा मार्ग नाही. मी मऊ बोलत नाही, तुला माहीत आहे. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, मग आलीस आणि म्हणालीस, "तुम्ही चला सोबत. तुम्हीच माझं इंग्रजी करा."

पण तिथे मैत्रिणीला दुभाषी होता येत नव्हतं. लहानशी खोली, अपील ऐकणारी तीन माणसं, मध्ये टेबलावर स्पीकरचा फोन. फोनमधून एका बाईचा आवाज आला. "नमस्कार. मी तुमची दुभाषी. इथलं सगळं बोलणं गुप्त राहील." तरुण, स्वच्छ आवाज. तू जरा सैलावलीस. मग पहिला प्रश्न आला, आणि त्या आवाजानं तो मराठीत केला:

"काकू, त्या विचारून राहिल्या की काकांना न्हाणीघरात कशाकशाला मदत लागते?"

"विचारून राहिल्या" ऐकलं आणि तुझा चेहरा पांढरा पडला.

"तू नागपूरची आहेस का गं?"

"काकू, मला माझ्याबद्दल काही सांगायची परवानगी नाही."

"धंतोलीची? की महालातली?"

"काकू, प्लीज. प्रश्नाचं उत्तर द्या."

तू इंग्रजीत विचारलंस, ह्यांना बाहेर बसवलं तर चालेल का. नाही म्हणाले, अर्जदार समोर हवेत. तू माझ्याकडे पाहिलंस. मी काही करू शकत नव्हते, मानसुद्धा हलवायची नाही असं मला बजावलं होतं.

मग तू त्यांच्याकडे वळलीस. त्यांचा कोट सारखा केलास.

"अहो, ऐकता का? आता मी जे बोलीन ते तुम्ही ऐकायचं नाही. कान झाका."

दुभाषी बाईंनी तेही इंग्रजीत केलं, त्यांचं कामच ते. तिन्ही माणसांनी मान खाली घातली. चारुदत्तरावांनी डावा हात उचलला आणि डावा कान घट्ट झाकला. उजवा हात मांडीवर पडून होता. उजवा कान उघडा होता आणि त्याच बाजूला तू बसली होतीस.

तू काय काय सांगितलंस ते मी इथे लिहिणार नाही. एकदा बोललीस, पुरे झालं. एवढंच सांगते, की मला यातलं निम्मं माहीत नव्हतं, आणि मी तुझ्या घरी आठवड्यातून चारदा येत होते. रोज सकाळी त्यांचा भांग काढून त्यांना हॉलमध्ये आणण्याआधी तू काय काय उरकत होतीस, ते मला त्या स्पीकरच्या फोनमधून इंग्रजीत कळलं. एका ठिकाणी दुभाषी बाईंचा आवाज अडकला. "वन मोमेंट," म्हणाल्या. मग पुढे गेल्या. तू थांबली नाहीस. शाळेत निकाल वाचतात तसं वाचत गेलीस, एकाच सुरात, त्यांच्याकडे न बघता.

गाडीपाशी आलो तरी त्यांचा हात कानावरच होता. मीच तो धरून खाली घेतला.

सोबत मंजूर झाली. नवं कार्ड आलं, खूण असलेलं. त्या दिवशी तू काही केलं नाहीस, मीच घरी जाऊन चहा टाकला. तुम्ही दोघं व्हॅननं जाऊ लागलात, आणि ते खिडकीकडे तोंड करून बसू लागले. तू पाट्या वाचायला सांगायचीस, ते वाचत नव्हते. केंद्रातल्या बाई म्हणाल्या, शब्द कमी होतायत, बारीक बारीक झटके येत असावेत. मी म्हटलं, ऐक, हे वैद्यकीय आहे, तुझ्या बोलण्यानं कुणाच्या मेंदूत गाठ होत नाही.

"तुमच्या डॉक्टरांना मेंदू कळते, ताई," तू म्हणालीस. "मला हे कळतात. ते माझ्या हातचं खाताना डोळे मिटून घेतात."

मी आजही डॉक्टरांच्या बाजूची आहे. पण डोळे मिटलेले मीही पाहिले होते. तू कुणाकडे दाद मागणार होतीस? जे मागितलं ते मिळालं होतं. तू दिवसेंदिवस वाळत गेलीस. केंद्राच्या वेटिंग रूममध्ये कार्ड हातात धरून बसायचीस, आणि आतून त्यांचा आवाज येतो का ते ऐकायचीस. येत नव्हता. मला एकदा म्हणालीस, "कार्ड परत करता येते का हो? परत केलं तर ते पहिल्यासारखे होतील." मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? तू म्हणालीस, "लागलं तर बरं होईल."

२००६ च्या मार्चमध्ये मोठा झटका आला. हॉस्पिटलमध्ये तू त्यांच्या उजव्या बाजूला बसून होतीस. ते गेले. इथल्या इथे अग्नी दिला, परीक्षितनं जे करायचं ते केलं, आणि तू म्हणालीस, मी नागपूरला जाते. कुणाच्यानं तुला थांबवलं गेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी आले तेव्हा तू बॅग भरत होतीस. रेणू बाहेर गेली होती. तू दार लावून घेतलंस, जणू कुणी ऐकणार होतं.

"ताई, माझं एक काम करा. त्या फोनवरच्या मुलीला शोधा."

"कुठल्या?"

"दुभाषी. नागपूरची. तिला यांच्याबद्दल फक्त तेवढंच माहीत आहे. आख्ख्या अमेरिकेत आपल्याकडची एक मुलगी, अन् तिला यांच्याबद्दल तेवढंच माहीत आहे. मला झोप नाही लागत."

"अगं, ती रोज अशी पन्नास बोलणी ऐकत असेल. विसरलीसुद्धा असेल."

"आवाज अडकला होता तिचा. नाही विसरली."

"त्या लोकांची नावं सांगत नाहीत, सुमित्रा."

"तुम्ही विचारा. तुमचं इंग्रजी ऐकतात लोक. तिला सांगा, नागपुरात लग्न असलं की मंगलाष्टकं म्हणायला यांना बोलवायचे. माइक नको म्हणायचे, असा आवाज. दोन घरची मुहूर्तं एका दिवशी आली तर लोक भांडायचे यांच्यासाठी. ती धंतोलीतली असली तर तिच्या घरच्या एखाद्या लग्नात म्हटली असतील यांनी. तिच्या आईच्यासुद्धा. विचारा तिला. एवढं एक करा."

मी "बघते" म्हटलं.

मी कार्डाच्या ऑफिसला फोन केला. त्यांनी दुभाषी पुरवणाऱ्या कंपनीकडे पाठवलं. कंपनीतल्या माणसानं सांगितलं, नाव देता येत नाही, निरोपही पोचवता येत नाही, तसा नियम आहे. मी भांडले, त्याच्या साहेबाला फोनवर बोलावलं, त्याच्याशीही भांडले. मग गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन आलं, मग हे, मग ते. आता २००८ उजाडलं आहे आणि त्या मुलीला अजून कुणीही काहीही सांगितलेलं नाही.

मालिनी